रविवार कुणाचा ते नंतर ठरवा, आधी कोपर दाखवा

नमस्कार ताई,

आम्ही मूळचे नगरचे, ख्रिस्ती कुटुंब. पंधरा वर्षांपासून न्यू जर्सीत आहोत. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ८ वर्षांची. मुलगा दुसरीपासून बेसबॉल खेळतो, पिचर आहे, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. आतापर्यंत गावच्या लीगमध्येच होता, सामने शनिवारी आणि मधल्या एखाद्या संध्याकाळी असायचे. यंदा त्याची ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे गावोगावी जाऊन खेळणाऱ्या निवडक मुलांच्या संघात, निवड झाली. आता शनिवार-रविवार दोन्ही दिवस टूर्नामेंट, कधी कधी दीड तासाच्या अंतरावर. गावची लीगही चालूच आहे. आमची रविवारची उपासना सकाळी दहाला असते आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी मराठी उपासना. एप्रिलपासून आम्ही दोनदाच चर्चला गेलो. मराठी उपासना दोन्ही महिने चुकली.

सासूबाई मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी आल्यात. त्या काही बोलत नाहीत, पण रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून, शास्त्र (बायबल) मांडीवर घेऊन सोफ्यावर बसतात, आणि आम्ही बॅट-बॅगा गाडीत टाकायला लागलो की उठून साडी बदलतात. नवरा म्हणतो, "देव मैदानावरही आहे, आणि आपण १,८०० डॉलर भरलेत." त्याची बाजूही मला कळते. ऑफिसबाहेर त्याला नावाने हाक मारणारी माणसं इथे पहिल्यांदा त्या मैदानावरच भेटली. त्याचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) यंदा ६.१ आलंय आणि आमचे सुट्टीचे दोन्ही दिवस हॉट डॉग-पिझ्झावर निघतात. धाकटी गाडीत टॅबलेट बघत असते.

मागच्या आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठले तर सासूबाई मुलाच्या कोपराला कोमट तेल चोळत होत्या. तीन आठवडे आतल्या बाजूने दुखतंय. पप्पांना आणि कोचला सांगायचं नाही, असं त्याने आजीकडून वचन घेतलंय. मला तर वाटलं, रविवार मोडल्याचंच हे फळ. नवऱ्याला अजून बोलले नाही. चर्च सोडायचं की टीम? आणि कोचला काय सांगू?

– एक आई, मध्य न्यू जर्सी


प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मी त्या तेलाच्या वाटीपाशी थांबले. चर्च की टीम, याचं उत्तर देते, टाळणार नाही. पण आधी कोपर. सोमवारी सकाळी मुलांच्या डॉक्टरांना फोन करा, आणि डॉक्टर हात बघेपर्यंत त्याने एकही चेंडू फेकायचा नाही. सामन्यात नाही, सरावात नाही, घरामागच्या हिरवळीवर पप्पांबरोबरही नाही. नवऱ्याला आज रात्रीच सांगा. हे गुपित आता तुमच्यापाशी एक दिवसही राहू नये.

एवढी घाई का करते, ते सांगते. या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाताला लागणारा हाडाचा उंचवटा मुख्य हाडाशी पक्का जुळलेला नसतो. मध्ये कूर्चेची पट्टी असते आणि हाडाची वाढ तिथे होत असते. मनगट वाकवणारे स्नायू आणि कोपराचा आतला अस्थिबंध (लिगामेंट) त्याच उंचवट्याला धरून असतात. जोरात चेंडू फेकला की ते सगळे मिळून तिथे ओढतात. मोठ्या माणसाचा अस्थिबंध दुखावतो, मुलाची ती कूर्चा आधी दुखावते, कारण तीच सगळ्यात कच्ची असते. इथले डॉक्टर याला 'लिटल लीग एल्बो' म्हणतात. तुमच्या मुलाला तेच झालंय की आणखी काही, ते तपासल्यावरच कळेल. पण वय बारा, पिचर, दुखणं आतल्या बाजूला आणि तेही तीन आठवडे, एवढं ऐकल्यावर कुठलाही जाणता डॉक्टर आधी फेकणं बंद करायला सांगेल.

बहुधा दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढतील, दुखरं आणि चांगलं शेजारी ठेवून बघायला. एक्स-रे साफ आला म्हणून लगेच मैदानावर पाठवू नका. सुरुवातीला त्यात काही दिसत नाही असंही होतं. वेळेवर थांबलं तर मुख्य औषध विश्रांतीच आहे. साधारण चार ते सहा आठवडे फेकणं बंद, कधी त्याहून जास्त, आणि मग फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे अंतर आणि जोर थोडा थोडा वाढवत परत सुरुवात. दुखत असताना रेटत राहिलं तर तो हाडाचा तुकडा जागेवरून सुटू शकतो आणि मग गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी देऊन खेळवायचा विचारही नको. दुखणं झाकलं की मूल आणखी जोरात फेकतं. फेकताना 'कट्' असा आवाज आला, कोपर सुजलं, हात सरळ होईना किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर सोमवारपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

सासूबाईंचं तेल? हलक्या हाताने लावलं तर लावू दे. त्याला त्या हाताची गरज आहे. फक्त दुखऱ्या जागी दाबून चोळायचं नाही, एवढं आईंना समजावून सांगा. डॉक्टर भेटेपर्यंत फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवलेला बरा.

आता एक वही काढा. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संस्थेचा नियम असा आहे की ११-१२ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकायचे. ६६ किंवा जास्त टाकले तर मध्ये चार दिवस पिचिंग नाही, ५१ ते ६५ टाकले तर तीन दिवस, ३६ ते ५० टाकले तर दोन, २१ ते ३५ टाकले तर एक. नियम चांगला आहे, पण तो लीगच्या स्वतःच्या सामन्यांपुरता. गुरुवारी त्याने गावच्या लीगमध्ये ६० टाकले आणि शनिवारी ट्रॅव्हल टीमसाठी ७०, तर दोन्ही कोचांच्या कागदावर सगळं ठीकच दिसतं. एकाला दुसऱ्याचा आकडा माहीत नसतो. बेरीज करणारं माणूस घरातच असावं लागतं. शिवाय सामन्याआधी अंग गरम करताना टाकलेले चेंडू कुणी धरत नाही, आणि पिचिंग करून झाल्यावर त्याच दिवशी कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणून उभं केलं तर हाताला विश्रांती कसली? (४१ किंवा जास्त चेंडू टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर करता येत नाही, हाही लिटल लीगचाच नियम आहे.) एप्रिलपासूनचे सामने आठवून, दोन्ही टीमच्या स्कोअर अ‍ॅपमधून काढून, तारखेप्रमाणे चेंडू लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. दुखतंय एवढ्या एका शब्दापेक्षा त्यातून त्यांना पुष्कळ कळेल.

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या दोन्ही संस्थांनी मिळून मुलांसाठी 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ९ ते १२ वयाच्या मुलांना त्यांचं सांगणं स्पष्ट आहे: वर्षात ८० पेक्षा जास्त इनिंग (डाव) पिचिंग नको, चार महिने फेकणं पूर्ण बंद आणि त्यातले दोन-तीन महिने सलग, आणि एकाच वेळी चालणाऱ्या दोन टीमसाठी पिचिंग नको. तुमच्याकडे नेमकं तेच चाललंय. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कोपर-खांद्याची शस्त्रक्रिया करावी लागलेले किशोरवयीन पिचर आणि कधीच इजा न झालेले पिचर यांची तुलना केली होती. हात थकलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पटींनी जास्त निघाली. हा आकडा नवऱ्याला दाखवा. तो मुलावर जीव टाकणारा माणूस आहे, तुमच्या पत्रातूनच दिसतं, त्याला हा आकडा पुरेल.

आता तुमचं ते वाक्य. रविवार मोडल्याचं फळ. मैत्रिणी, हे तुमच्या मनात आलं, मला लिहिलंत, ठीक. पण मुलाच्या कानावर ते कधीही पडू देऊ नका. त्याने दुखणं लपवलं ते टीममधून काढतील या भीतीने. उद्या त्याला वाटलं की दुखणं सांगितलं तर घरात त्यातून पापाचा हिशेब निघतो, तर पुढच्या वेळी तो आजीलाही सांगणार नाही. जन्मांध माणसाची गोष्ट तुम्हाला सांगायला नकोच, योहानाचा नववा अध्याय आईंना पाठ असेल. पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं, असं शिष्यांनी विचारलं तेव्हा येशूने दोघांचंही नाव घेतलं नाही आणि त्या माणसाचे डोळे उघडले. कोपराला कारण आहे, ते मोजता येतं आणि ते त्या वहीत सापडेल.

दुसरं, याहून अवघड. या दुखण्याचा उपयोग नवऱ्याविरुद्ध करू नका. 'बघ, मी सांगत होते' हे शब्द तोंडावर येतील. ते गिळा. कोपर दुखलं म्हणून चर्च जिंकलं, असं घरात एकदा झालं की कोपर बरं झाल्यावर चर्च पुन्हा हरेल, आणि मुलाच्या मनात उपासना म्हणजे खेळ बंद पडल्यावर करायची गोष्ट होऊन बसेल. रविवारचा निर्णय तुम्ही दोघांनी असा घ्या, की कोपर ठणठणीत असतं तरी तोच घेतला असता.

तो निर्णय घेताना सोफ्यावर बसलेल्या आईंकडे नीट बघा. त्यांना रागावू नका, वचन पाळल्याबद्दल तर अजिबात नाही. एवढ्या धावपळीत मुलाला सांगायला एक माणूस सापडलं, ते त्या होत्या. त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं हे खरं, ते शांतपणे बोला: "आई, दुखण्याचं गुपित ठेवायचं नाही, बाकी सगळी ठेवा." आणि मुलाला त्यांच्याच समोर सांगा, म्हणजे आजीने चहाडी केली असं त्याला वाटणार नाही.

त्या गाडी चालवत नाहीत. सोमवार ते शुक्रवार तुम्ही सगळे बाहेर आणि त्या एकट्या घरात. नगरला रविवार म्हणजे त्यांच्यासाठी घंटा, उपासना, मराठी गाणी, आणि उपासना सुटल्यावर देवळाच्या आवारात अर्धा तास उभ्याउभ्या गप्पा. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचं दुखणं वाढलं, पाळकसाहेबांची बदली कुठे झाली, हे सगळं तिथे कळतं. इथे आठवड्यातली माणसं भेटण्याची त्यांची एकच वेळ होती, तीच गेली. नवरा म्हणतो देव मैदानावरही आहे. खरंच आहे. पण त्या मैदानावर आईंशी मराठीत बोलणारं कुणी नाही, आणि चार तास लोखंडी बाकावर बसून गुडघे दुखतात ते वेगळंच.

त्यांचा हा रविवार आला कुठून, हे नातवाला माहीत आहे का? मुंबईत १८१३ साली आणि नगरला १८३१ साली जे मिशनरी आले, ते अमेरिकन होते. मॅसेच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या मंडळाने पाठवलेले, न्यू इंग्लंडकडचे, रविवार कडक पाळणारे. त्या दिवशी काम नाही, खेळ नाही, बाजार नाही, ही शिस्त ते घेऊन आले आणि नगर जिल्ह्यातल्या घराघरांत ती रुजली. इथे अमेरिकेतही रविवारच्या बेसबॉलला बऱ्याच राज्यांत कायद्याने बंदी होती. तुमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघांना घरच्या मैदानावर रविवारी खेळायला १९३४ उजाडलं. तुमच्याच राज्यात बर्गन काउंटीत, पॅरामसचे मोठमोठे मॉल आजही रविवारी बंद असतात. म्हणजे आई काही नगरहून परकी चाल घेऊन आलेल्या नाहीत. हे मुलाला सांगा, आईंच्या तोंडून सांगितलंत तर फारच छान. आपल्या आजीचा रविवार आणि आपला खेळ एकाच देशातून निघालेत, हे बारा वर्षांच्या मुलाला आवडेल.

आणि त्याला सँडी कोफॅक्सचं नाव सांगा. लॉस एंजलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर, त्या काळातला सगळ्यात भारी. ६ ऑक्टोबर १९६५ला वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना मिनेसोटाशी होता आणि त्याच दिवशी यहुदी लोकांचा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा पवित्र दिवस होता. कोफॅक्स खेळला नाही. त्याच्या जागी डॉन ड्रायस्डेलने पिचिंग केलं, डॉजर्स तो सामना ८-२ हरले. संघाने कोफॅक्सला टाकून दिलं नाही. सातव्या, निर्णायक सामन्यात तोच उभा राहिला, मध्ये दोनच दिवसांची विश्रांती मिळालेली असताना, आणि २-० ने जिंकवून दिलं. गोष्ट इथे संपवू नका, पुढचंही सांगा. त्या मोसमात त्याने ३३५ इनिंगच्या वर पिचिंग केलं, दुखऱ्या कोपराने. पुढचा मोसम संपला आणि कोपराच्या संधिवातामुळे वयाच्या ३०व्या वर्षी त्याने खेळ सोडला. धर्माचा एक दिवस पाळल्याने त्याची कारकीर्द बिघडली नाही. दुखऱ्या कोपराने मात्र ती संपवली.

आता तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर. महिन्यातली मराठी उपासना चुकवायची नाही. त्यावर चर्चा नको, टूर्नामेंट कुठलीही असो. आई सप्टेंबरपर्यंत आहेत, हातात मोजून तीन-चार उपासना उरल्यात. बाकीच्या रविवारी पहिला हक्क उपासनेचा. मोसमात दोन-तीन रविवार, फायनलसारखे, खेळाला द्या, पण ते मोसम सुरू होण्याआधी कोचला सांगून ठरवलेले असावेत, शनिवारी रात्री मेसेज बघून ठरवलेले नकोत. त्या रविवारी जवळपास कुठे सकाळी आठची उपासना असेल तर आईंना घेऊन तुम्ही जा, पप्पा मुलाला घेऊन मैदानावर जातील. आणि पुढच्या वसंतात एकच टीम. गावची लीग किंवा ट्रॅव्हल, कुठली ते मुलाला ठरवू द्या. तो बारा वर्षांचा आहे, त्याला मत आहे, फक्त आजपर्यंत त्याला कुणी 'तुला दोन्ही झेपतंय का' असं विचारलेलं दिसत नाही. १,८०० डॉलर तर गेलेच. हात दुखवून घेतला तरी ते परत येत नाहीत आणि घरी बसला तरी येत नाहीत.

त्याला टीममधून एकदम उचलूनही आणू नका. विश्रांतीच्या आठवड्यांत शनिवारी त्याला डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकावर) बसायचं असेल, स्कोअर लिहायचा असेल, तर जाऊ द्या. बॅटिंग करू द्यायची की नाही ते डॉक्टर सांगतील, कोचने किंवा तुम्ही ठरवायचं नाही.

नवऱ्याबद्दल मला काळजी वाटते ती ६.१ची. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथून मागे फिरता येतं. अमेरिकेतल्या मोठ्या 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, वजन साधारण सात टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढ्यावर मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मुलांना सामन्याच्या तासभर आधी बोलावतात आणि आईबाप खुर्च्या उघडून बसतात. तो तास त्याने मैदानाभोवती चालावं. ज्या चौघांशी त्याची ओळख झाली त्यांनाही सोबत घ्यावं. ती मैत्री त्याच्यासाठी मोलाची आहे, ती तुटायला नको. रविवारी मैदानावर न गेल्याने ती तुटणार नाही, शनिवार आहेच. आणि त्यातल्या एखाद्याला घरी जेवायला बोलवा, पंधरा वर्षांत बहुतेक ते राहूनच गेलं असेल.

खाण्याचं एवढंच: मैदानाच्या दुकानावर अवलंबून राहू नका. थालीपीठ, दही-भात, काकडी, उकडलेली अंडी असा डबा आदल्या रात्री आईंच्या मदतीने होतो, आणि त्यांना घरात काहीतरी हातात घ्यायला मिळतं. खेळाडूंच्या पेयाच्या २० औंसांच्या एका बाटलीत जवळजवळ ३५ ग्रॅम साखर असते. मुलाला कडक उन्हात चालेल, बाकावर बसलेल्या पप्पांना पाणी पुरे. डगआउटमध्ये मुलांना वाटायला शेंगदाण्याचे लाडू मात्र नेऊ नका, एखाद्याला जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी असू शकते. राजगिऱ्याचे न्या, तेही आधी कोचला विचारून.

धाकटीबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे. मला ती ओळ टोचली. आठ वर्षांच्या मुलीची प्रत्येक सुट्टी भावाच्या बॅगेबरोबर गाडीत जाते आणि ती तक्रारही करत नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही. आता महिनाभर तरी काही दुपारी मोकळ्या मिळतील. कुठे जायचं ते तिला ठरवू द्या. सुचवायचंच तर तुमच्या जवळून डेलावेअर अँड रॅरिटन कालवा जातो. १८३४ साली खुला झालेला, काठावरून चालणारी खेचरं दोर लावून बोटी ओढायची. खेचरांची ती वाट आता चालायला आणि सायकलला आहे, सपाट, बऱ्याच भागात झाडांच्या सावलीची. आईंच्या गुडघ्यांना झेपेल, पप्पांची पावलं होतील, धाकटीची सायकल चालेल. मोठ्या मुलाने डाव्या हाताने पाण्यात खडे टाकले तर हरकत नाही, उजवा दुखत असेल तर उजव्याने नाही, हे आधीच बजावा, तो विसरेल! घरी आल्यावर सगळ्यांच्या पायांवर, गुडघ्यांच्या मागे, केसांत गोचीड बघा. न्यू जर्सीत गोचीड चावून होणारा लाइम रोग आहे आणि आईंना त्याची कल्पना नसणार. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढायची, तेल लावायचं नाही, जाळायची नाही, आणि तारीख लिहून ठेवायची. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा लाल चट्टा पसरला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

एखाद्या शनिवारी संध्याकाळी ब्रिजवॉटरला समरसेट पेट्रियट्सचा सामना बघायला सगळे जा. यांकीज या न्यूयॉर्कच्या मोठ्या संघाची ती डबल-ए, म्हणजे दुय्यम टीम आहे, तिथून पुढे खेळाडू न्यूयॉर्कच्या संघापर्यंत जातात. मुलाला स्वतः खेळता येत नसताना खेळ बघायला मिळेल, आईंना पाठ टेकायला खुर्ची मिळेल, आणि पिचर बदलताना कोच वर येऊन चेंडू मागतो ते त्याला जवळून दिसेल. व्यावसायिक खेळाडूही तो निमूटपणे देतो.

कोचला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलंत. फार समजावत बसू नका, माफीही मागू नका. मेसेज नवऱ्याच्या नावाने जाऊ दे, कारण कोचचं बोलणं त्याच्याशीच असतं:

"कोच, मुलाच्या कोपराला तीन आठवड्यांपासून आतल्या बाजूला दुखतंय. त्याने ते लपवलं होतं, आम्हाला आत्ता कळलं. डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत तो फेकणार नाही, पिचिंगही नाही आणि दुसऱ्या जागेवरूनही नाही. तो गावच्या लीगमध्येही पिचिंग करत होता, दोन्हींचे आकडे मी पाठवतो. आणि एक वेगळी गोष्ट, कोपराशी संबंध नसलेली: रविवार सकाळ आमची चर्चची वेळ आहे. पुढच्या मोसमात तो कोणत्या रविवारी येऊ शकेल ते आपण आधी ठरवू. त्याला टीम खूप आवडते."

दुखणं आणि चर्च एकाच मेसेजमध्ये, पण वेगवेगळे. चांगला कोच हे वाचून तुमचे आभार मानेल. आणि मुलाला न विचारता त्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकणारा निघाला, तर तुमच्या मुलाचा हात अशा माणसाच्या हाती नव्हताच द्यायचा. मेसेज पाठवण्याआधी तो मुलाला वाचून दाखवा, आणि शनिवारच्या सामन्यापर्यंत थांबू नका, आज रात्रीच पाठवा.